गिअरचे आकडे खोक्यावर छापा

रोड बाइकचा एक शिफ्टर मोडला की दुकानात हमखास ऐकू येतं, “हा आता मिळत नाही, सगळा सेटच बदला.” सल्ला कधी खरा असतो, कधी नसतो. कोणत्या वेळी खरा, हे गिऱ्हाइकाला ताडून पाहता यावं, यासाठी हे मुद्दे.

१. गणित छोटं आहे. शिफ्टरचा एक खटका ठरावीक लांबीची केबल ओढतो. चेन सरकवणारा मागचा डिरेलर त्या ओढीला स्वतःच्या गुणकाने गुणून तेवढा सरकतो. हे सरकणं कॅसेटच्या दोन चकत्यांमधल्या अंतराएवढं भरलं की गिअर पडतो. शिमानोच्या जुन्या १० स्पीड रोड संचात ओढ सुमारे २.३ मिमी आणि गुणक १.७, म्हणजे ३.९ मिमी. चकत्यांचं अंतर ३.९५. जमलं.

२. आता फसगत पाहा. २०१५ साली आलेली टियाग्रा ४७०० हीसुद्धा शिमानोचीच आणि १० स्पीडच. पण तिच्या डिरेलरचा गुणक ११ स्पीडच्या पिढीचा, सुमारे १.४. त्याला जुना शिफ्टर जोडला तर दर खटक्याला डिरेलर ३.२ मिमीच सरकतो. पाऊण मिलिमीटरची तूट साठत जाते आणि चौथ्या खटक्याला ती तीन मिलिमीटरवर पोचते. मेकॅनिक बिचारा केबलचा ताण कमीजास्त करत बसतो; ताणाने हा हिशेब सुटणारच नसतो. याउलट, माउंटन बाइकचा जुना ९ स्पीड डिरेलर त्याच १० स्पीड रोड शिफ्टरबरोबर बिनतक्रार चालतो, १० स्पीडवाला मात्र चालत नाही! मग खोक्यावरचा ‘१० स्पीड’ वाचून गिऱ्हाइकाने समजायचं काय?

३. सगळ्यांनी एकच माप वापरावं, असा हट्ट नाही. कंपनीने हवी ती रचना करावी. फक्त शिफ्टरवर ओढ, डिरेलरवर गुणक आणि कॅसेटवर अंतर छापावं. कंपन्या जुळणीचे तक्ते देतात, पण ते मुख्यतः आपल्याच मालाचे, आणि त्यांत ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढंच. वर दिलेले आकडे हौशी सायकलस्वारांनी मोजून काढलेले आहेत.

४. “मिसळलेले भाग धोक्याचे,” असा आक्षेप येईल. ब्रेकपुरता तो मला मान्य आहे. गिअरमध्येही, डिरेलरला न पेलणारी मोठी कॅसेट लावली तर तो ओढला जाऊन तुटू शकतो. पण लोक भाग मिसळतातच. केबलची ओढ बदलणाऱ्या छोट्या पुली खास त्यासाठी बाजारात विकल्या जातात. आकडे लपवून धोका कमी कसा होणार?

५. हे अशक्यही नाही. चेनच्या कड्यांचं अर्ध्या इंचाचं माप शतकाहून जुनं आहे. आपल्या काळ्या रोडस्टरचे लुधियानाचे सुटे भाग गावोगावी बसतात ते मापं ठरलेली म्हणूनच. २०१९ मध्ये स्रॅम या कंपनीने डिरेलर हँगरची, म्हणजे फ्रेमवर डिरेलर अडकवायच्या तुकड्याची, एक रचना फ्रेम उत्पादकांना मोफत वापरू दिली. पुढे आपलाच नवा डिरेलर थेट त्या जागी बसवून तिने त्यातून स्वतःचंही भलं करून घेतलं, ते असो.

६. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केलं. त्यासाठी निवडलेली क्षेत्रं चार : शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहन उद्योग. त्यात सायकलचं नाव स्पष्टपणे घालावं आणि तिसऱ्या मुद्द्यातली छपाई आयात मालालाही लागू करावी. ग्राहक संघटनांनी आणि सायकल क्लबांनी हे निवेदन एकत्र द्यावं.

७. इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये केबलच उरलेली नाही. शिफ्टर आणि डिरेलर आपसात कंपनीच्या खासगी संकेतांनी बोलतात, आणि ते व्हर्नियरने मोजता येत नाहीत. त्यामुळे त्या संकेतांचा तपशील खुला करण्याची मागणी याच निवेदनात वेगळ्या कलमाने घालावी लागेल.