चालतंय म्हणजे बरोबर जोडलंय, असं नाही



आज फवारणी नाही, खत नाही. आज वायरीबद्दल लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण या वायरीने माझ्या बागेतल्या पाच ओळींचे घड खाल्लेत.

छाटणी १२ ऑक्टोबरची. थॉमसनचा प्लॉट घरापासून साधारण सव्वा किलोमीटरवर. पान किती वेळ ओलं राहतं आणि तापमान किती, हे घरी बसून कळावं म्हणून मागच्या पावसाळ्यात एक यंत्र जोडलं. एक नॅनो बोर्ड, पान ओलं-कोरडं सांगणारा सेन्सर आणि लोराचा रेडिओ. घरी तसंच दुसरं यंत्र, त्याला छोटी स्क्रीन. एका प्रशिक्षणात जोडणीचा कागद मिळाला होता. त्यात दाखवल्याप्रमाणे पिनला पिन जोडली. टेबलावर पहिल्याच झटक्यात चालू. पोरगं म्हणालं, बाबा, झालं की!

झालं नव्हतं. बागेत लावल्यावर कधी दोन तास सलग आकडे येत, कधी दिवसभर गप्प. ज्याला विचारलं तो म्हणाला, "रेंज नाही." मग अँटेना बांबूवर चढवली. मग जीआय पाइप आणला. पाइपवर चढवली तरी तेच. चांगला कृषी सल्लागारही मला म्हणाला, की वेलींच्या गर्दीत लहरी अडत असतील. मलाही पटलं.

नोव्हेंबरात, घड फुलोऱ्यात असताना, रात्री बेमोसमी पाऊस शिंतडला. स्क्रीनवर पाहिलं तर "पान कोरडं". निवांत झोपलो. तो आकडा संध्याकाळचा होता. रेडिओ संध्याकाळीच गेला होता आणि स्क्रीन बिचारी शेवटचा आकडा धरून बसली होती. फवारणीला दीड दिवस उशीर झाला. पुढच्या आठवड्यात घडांवर डावणी.

आता चूक कुणाची? रेडिओची नाही. पावसाची नाही. चूक जोडणीची, आणि ती न तपासणाऱ्या माझी.

झालं काय होतं ते ठिबकच्या भाषेत सांगतो. पंपाकडून येणारी मेन लाइन चार-पाच किलो प्रेशरची. लॅटरलला पाहिजे एक किलोच्या आसपास. मधे काही न लावता आपण लॅटरल मेन लाइनला जोडतो का? नाही. जोडली तर पहिल्या दिवशी फुटेलच असं नाही. पण कधीतरी ड्रिपर उडतील, जॉइंट सुटेल. व्होल्ट म्हणजे प्रेशरच. नॅनो, उनो हे बोर्ड ५ व्होल्टवर चालतात. त्यांच्या पिनमधून निघणारा सिग्नल ५ व्होल्टचा. लोराची एसएक्स१२७६ किंवा एसएक्स१२७८ ही चिप ३.३ व्होल्टची. तिच्या डेटाशीटमध्ये पुरवठा १.८ ते ३.७ व्होल्ट दिलाय आणि ३.९ च्या वर कधीच जाऊ नका असं लिहिलंय. तिच्या पिना ५ व्होल्ट सोसतील अशी हमी त्यात कुठेही नाही.

मग टेबलावर चाललं कसं? चिपच्या आत पिनांच्या संरक्षणाला छोटे डायोड असतात. पिनवर जास्तीचा दाब आला की तो त्या डायोडमधून ३.३ च्या लाइनवर चढतो. हे डायोड क्षणभराच्या झटक्यासाठी असतात, रोजच्या मजुरीसाठी नाही. त्यांनी महिनाभर मजुरी केली आणि मग बसले. म्हणून माझं पहिलं मत: "माझं दोन वर्षं डायरेक्ट जोडलंय, चालतंय" हा पुरावा नाही. बिनातपासणीचं बियाणंही एखाद्या वर्षी उगवतंच.

ही चूक पसरली कशी, त्याचाही शोध घेतला. लोराच्या आधी सगळे हौशी लोक एनआरएफ२४एल०१ प्लस हा स्वस्तातला रेडिओ वापरायचे. त्याचा पुरवठा ३.६ व्होल्टच्या वर न्यायचा नाही, पण त्याच्या सिग्नलच्या पिना ५ व्होल्ट सोसतात, असं त्याच्या डेटाशीटमध्येच आहे. त्यामुळे "पुरवठा तेवढा ३.३ द्या, बाकी पिना डायरेक्ट" हा नियम त्या रेडिओपुरता खरा होता. तोच नियम लोकांनी लोराला लावला. कापसाचं औषध द्राक्षावर मारल्यासारखं झालं. दोन्ही पिकंच, पण लेबल वेगळं.

आणखी एक फसगत. बाजारात रेडिओखाली लावायची छोटी पट्टी मिळते, तिच्यावर "५ व्होल्ट चालेल" असं असतं. ते पुरवठ्यापुरतं. पट्टीवर रेग्युलेटर असतो, तो पुरवठा ३.३ करतो. सिग्नलच्या पिना बहुतेक वेळा जशाच्या तशा पुढे गेलेल्या असतात.

दुसरा दोष माझ्या जोडणीत पुरवठ्याचा होता. उनोवरच्या ३.३ च्या पिनमधून ५० मिलिअँपिअरपर्यंतच घ्यायचे असतात. स्वस्त नॅनोंमध्ये त्याहून कमी. आणि लोरा पूर्ण ताकदीने, म्हणजे २० डीबीएमवर पाठवताना १२० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. ऐकताना दहा-बारा मिलिअँपिअर, म्हणून ऐकण्याचं काम व्यवस्थित चालतं आणि पाठवताना मान टाकतो. आपण म्हणतो रेंज नाही. अहो, सिंगल फेजवर दहाची मोटर चालवायला गेलो आणि म्हणालो विहिरीत पाणी नाही, तसंच हे.

हे मी शेवटी साध्या मल्टिमीटरने पकडलं. तुम्हीही पकडू शकता.

एक: रेडिओची एनएसएस नावाची पिन काम नसताना वरच्या पातळीला असते. मीटरची काळी वायर ग्राउंडला, लाल त्या पिनला. माझ्याकडे ४.९ आलं. ३.३ च्या आसपास पाहिजे होतं.

दोन: रेडिओच्या पुरवठ्याच्या पिनवर मीटर धरा आणि पाठवायला लावा. स्प्रेडिंग फॅक्टर १२ ठेवला तर वीसेक बाइटचा निरोप जायला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात मीटरवर घसरण दिसते. माझं ३.३ वरून २.७ वर येत होतं.

दहा मिनिटांचं काम. मी मात्र दोन महिने पाइप चढवत बसलो.

आता उपाय. बोर्डाकडून रेडिओकडे जाणाऱ्या ओळी तेवढ्या उतरवायच्या: मोसी, एससीके, एनएसएस आणि रिसेट. बोर्डाच्या पिनपासून १ किलोओहमचा रेझिस्टर रेडिओच्या पिनपर्यंत, आणि रेडिओच्या त्याच पिनपासून २ किलोओहम ग्राउंडला. पाचाचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३. दोनचा मिळाला नाही तर १.८ आणि ३.३ किलोओहमची जोडी घ्या, ३.२ च्या आसपास मिळतं. वीज वाचते म्हणून फार मोठे रेझिस्टर लावू नका, वेगवान सिग्नल त्यात बोथट होतो. उलट्या दिशेच्या ओळी, म्हणजे मिसो आणि डीआयओ०, सरळ जोडल्या तरी चालतात. नॅनोची चिप ५ व्होल्टवर असताना ३ व्होल्टच्या वरचं "हो" म्हणून वाचते. ३.३ येतं, फरक थोडा आहे, पण भागतं.

हे रेझिस्टर फक्त सिग्नलसाठी. पुरवठ्याला ही युक्ती वापरू नका. १ किलोओहममधून १२० मिलिअँपिअर न्यायचे तर १२० व्होल्ट लागतील! पुरवठ्याला वेगळा ३.३ चा रेग्युलेटर, रेडिओच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि दोन्हींचं ग्राउंड एक. ओळी जास्त असतील तर ७४एचसी४०५० ही चिप ३.३ वर चालवा. सहा ओळी उतरवते, ५ व्होल्ट आत घ्यायला तिची हरकत नसते. बाजारातली चार ओळींची छोटी लेव्हल शिफ्टर पट्टी सेन्सरच्या संथ कामाला बरी, रेडिओच्या वेगाला कधी कधी कमी पडते.

पण माझं खरं मत याच्या पुढचं आहे. नवीन यंत्र करणार असाल तर शेतात ५ व्होल्टचा बोर्ड नेऊच नका. ३.३ व्होल्टवर ८ मेगाहर्ट्झने चालणारा प्रो मिनी घ्या, नाहीतर ईएसपी३२ किंवा पिको. तिन्हीच्या पिना ३.३ च्याच. वायरीला वायर, मधे काही नाही. जितके जोड कमी तितके पावसाळ्यात बिघाड कमी. बॅटरीवर ठेवणार असाल तर एएमएस१११७ रेग्युलेटर टाळा. त्याला आत निदान साडेचार व्होल्ट लागतात, लिथियमची एक बॅटरी भरलेली असतानाच ४.२ देते, आणि तो स्वतःच चार-पाच मिलिअँपिअर खात बसतो. एमसीपी१७०० मायक्रोअँपिअरमध्ये भागवतो. आणि उलटी चूकही करू नका: ५ व्होल्टचा सेन्सर, पाण्याची पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक वगैरे, ईएसपी३२ ला सरळ जोडलात तर तिथेही तेच रडगाणं. बोर्ड बदलला, नियम नाही बदलला.

अजून दोन गोष्टी अनुभवाच्या. अँटेना लावल्याशिवाय रेडिओ चालू करू नका, पाठवणारा भाग जळू शकतो. आणि घेताना पट्टा बघून घ्या. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरायला मोकळा आहे. स्वस्त दिसतो म्हणून ४३३ चा रेडिओ उचलू नका.

शेवटी सल्लागार आणि प्रशिक्षण देणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगणं. औषधाच्या बाटलीवर आपण मात्रा लिहितो, पीएचआय लिहितो. मग जोडणीच्या कागदावर प्रत्येक वायरीसमोर व्होल्ट का लिहीत नाही? शेतकऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही म्हणून सोपं करून दिलं, असं म्हणता. सोपं जरूर करा, पण पुसून टाकून सोपं करू नका. आठ रेझिस्टर वगळलेला कागद सोपा नाही, अर्धा आहे. आणि आकड्यांमध्ये खिंडार दिसलं की आधी वेलींना आणि रेंजला दोष देऊ नका, मीटर लावून बघा.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांनाही एक. स्क्रीनवर आकड्याशेजारी तो किती वेळापूर्वीचा आहे तेही दाखवा. तास उलटला तर आकडा पुसा आणि "माहिती नाही" लिहा. "माहिती नाही" दिसलं असतं तर मी त्या रात्री बॅटरी घेऊन बागेत गेलो असतो. पान हाताने चाचपलं असतं. आपले आजोबा तेच करत होते.

आता माझ्या बागेत प्रो मिनी आहे, वेगळा रेग्युलेटर आहे, अँटेना परत बांबूवर आलीय. सव्वा किलोमीटर आरामात जातं. जीआय पाइप तेवढा रिकामा उभा आहे. तो काढणार नाही. येता-जाता दिसलेला बरा.