गावकीची खोली

आमच्या खेड तालुक्यातल्या वाडीत कुणाचंही जुनं घर दाखवा, त्याच्यावर कौलं कुठून आली ते मी सांगतो. वरळीच्या बीडीडी चाळीतून. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून निघालेल्या मनीऑर्डरीवर आमची माजघरं उभी राहिली.

तरी जुन्या वास्तूंचा विषय निघाला की लोकांना वाडे आठवतात, किल्ले आठवतात, मुंबईत फार तर बोरीबंदर. चाळीत काय जपायचं, असं शिकलेला माणूसही विचारतो. मला त्याच्याशी भांडायचंय.

त्याचं खरं तेवढं आधी कबूल करतो. १९२० नंतर सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या, त्या काही मायेनं नाही. कामाला माणसं हवी होती, माणसांना पाठ टेकायला जागा. एका चाळीत ८० खोल्या, संडास सामाईक. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस ‘चाळ राहू द्या’ असं म्हणत नाही. म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा मला आनंदच झाला. तीन पिढ्यांनी ते घर कमावलंय.

पण घर देणं वेगळं आणि खूण पुसणं वेगळं.

आमच्या वाडीची तिथं खोली होती. भाडेपावती एकाच्या नावावर, खोली मात्र गावकीची. रातपाळीचा माणूस आला की दिवसपाळीचा वळकटी गुंडाळून बाहेर. देवळाची वर्गणी, शाळेची कौलं, भावकीतली भांडणं, सगळं तिथं ठरायचं. १९८२ चा संप लांबला तेव्हा तांदळाची गाठोडी उलट दिशेनं गेली, गावाकडून चाळीकडं. आणि सगळं गोडच होतं असंही नाही. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर याच चाळींत दंगल पेटली. गावाची वेस आम्ही ट्रंकेत घालून मुंबईला नेली होती. जपायचं तर तेही जपा, लाजेसकट.

नव्या कागदाला एक नाव लागतं, गावकी त्यात बसत नाही. ठीक आहे, कायदा तसाच चालणार. मग वरळीतल्या १२१ चाळींपैकी एक तरी पुरती राखा. जिन्यासकट, मोरीसकट, सामाईक संडासासकट. काचेच्या पेटीतला नमुना नको. जागा महाग आहे म्हणता? बोरीबंदरची जागा काय स्वस्त आहे? २००४ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, छान झालं. पण त्या स्टेशनात उतरून पोटासाठी चालत गेलेला माणूस राहिला कुठं, हे कोण दाखवणार?

आणि गाववाल्यांनो, आपण तरी कुठं शहाणे? चाळीच्या पैशानं बांधलेलं कौलारू घर पाडून मीच स्लॅब टाकला. तात्यांनी ओव्हरटाइम करून आणलेली सागवानी चौकट आज गोठ्याला आहे. मुंबईला बोल लावण्याआधी ती काढून दाराला लावायला हवी.