चाकांना काळं फासू नका!

दसरा झाला. गावी गेलेली आपली आयटीवाली मंडळी पुण्याला परत आली आणि सगळ्यांच्या फोनमध्ये तोच फोटो: दारात बाबांची जुनी गाडी, हँडलला झेंडूचा हार आणि खाली काळीकुळकुळीत चमकणारी चाकं. छान दिसतं हो. हा उद्योग मीही केलाय, म्हणूनच आज हक्काने भांडणार आहे.

आमच्या नांदेडच्या घरी २००९ सालची पल्सर आहे. तिची अलॉयची चाकं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मॅकव्हील, उन्हाने काळ्याची राखाडी झालेली. एका दसऱ्याला मी ती धुवायला नेली. धुणाऱ्या पोराने विचारलं, "भैय्या, डिझेल मारू का? नव्यासारखी दिसंल." मी म्हटलं, मार. घरी आल्यावर बाबाही खूश. "काय चमकायलीय बघ!"

दुसऱ्या दिवशी बाबा लोह्याकडे निघाले. वळणावर समोर सोयाबीनची ट्रॉली. पुढचा ब्रेक दाबला, तर तो नीट धरेचना. बाबा गाडीसकट रस्त्याच्या खाली, काळ्या रानात. गुडघा सोलला, तेवढ्यावर निभावलं. मेकॅनिकने पॅड काढून दाखवले, तेलकट झालेले. चाकावर मारलेलं डिझेल डिस्कवरही उडालं होतं.

चूक त्या पोराची नाही. चमक मी मागितली होती, त्याने दिली.

आता मुद्द्याचं. चाक पांढुरकं दिसतं तेव्हा त्यातला काळा रंग उडालेला नसतो! बहुतेक काळ्या रंगात कार्बन ब्लॅक असतो, म्हणजे साधारण आपली काजळीच. काजळीला उन्हाचं काही वाटत नाही. खराब होतं ते काजळीला धरून ठेवणारं रेझिन. अतिनील किरणांनी ते फुटतं, पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यावर उजेड विखुरतो आणि डोळ्यांना राखाडी दिसतं. तेल लावलं की ते खड्डे भरतात आणि काळं दिसायला लागतं. रस्ता पावसात काळा दिसतो ना, तसंच. पण म्हणून रस्ता दुरुस्त झाला का? चार दिवसांत त्या तेलावर धूळ बसते, शिवाय डिझेल टायरचं रबर खातं ते वेगळंच.

म्हणजे आजार एक आणि औषध भलतंच. ऑफिसात कुणी बग न शोधता स्क्रीनचा रंग बदलून दिला तर आपण त्याला फाडून खातो. घरच्या गाडीला मात्र चालतं!

आधी चाक सावलीत, थंड असताना, शाम्पूच्या पाण्याने धुवा. वाळल्यावर ओलं पांढरं फडकं घासा. फडक्यावर काळी-राखाडी भुकटी आली तर वरचा थर मेलाय. हलक्या हाताने बारीक रबिंग, वर मेण, बस्स. मेण डिस्कपासून लांब ठेवा. पांढरे थेंबांचे डाग असतील तर ते बहुधा पाण्यातले क्षार. लातूरला मामांकडे हेच निघालं. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे गाडीच्या वाट्याला बोअरचं जड पाणी येणार, यात नवल काय? पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, लगेच पुसायचं. मामांच्या "गेलेल्या" रंगाला एवढंच पुरलं.

आणि रंग खरंच सोलला असेल, खालून अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी येत असेल, तरच नवा रंग. तोही टायर उतरवून, वॉटर पेपर मारून, प्रायमर देऊन, पातळ थरांत. बेअरिंगची आणि डिस्क बसायची जागा झाकून.

पण त्याआधी, हात जोडून सांगतो, चाक उजेडात फिरवून बघा. अलॉयचे आरे जिथे रिमला मिळतात तिथे केसासारखी चीर आहे का? खड्ड्यात आपटून कड वाकलीय का? अशा चाकाला रंग नाही, निवृत्ती द्यायची. लांबी भरून वर काळा स्प्रे मारला की चाक नवं दिसतं आणि चीर तिथेच राहते. फरक एवढाच की आता ती कुणालाच दिसत नाही.

कुणी म्हणेल, "एवढ्या जुन्या गाडीवर कशाला वेळ घालवायचा? शंभर रुपयांत डिझेल मारून होतं." बरोबर आहे. सोमवारी आपण ऑफिसच्या बसमध्ये एसीत बसलेले असतो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत त्या चाकांवर फिरणार असतात ते आपले बाबा आणि मामा. फोटो आपला, रस्ता त्यांचा.

राखाडी चाक कुणाला फसवत नाही, वय लपवत नाही. मला आता ते आवडायला लागलंय. वेळ असेल तर नीट काम करा, नसेल तर चाक तसंच राहू द्या. पण काळं फासू नका.

आमची पल्सर यंदा राखाडी चाकांवरच पूजेला उभी राहिली. पॅड मात्र नवे आहेत!