गिअरबॉक्स 'गेली' म्हणजे नेमकं काय गेलं?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. "ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेली" हे वाक्य मला यापुढे कोणी ऐकवू नये. गेली म्हणजे काय? काय तपासलंत म्हणून गेली? वर्गातला मुलगा फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेत असेल, तर त्याला 'ढ' म्हणायच्या आधी मागच्या बाकावरून फळा दिसतो का, ते बघावं लागतं. गाडीला तेवढाही न्याय नाही!

निमित्त आमच्या जावयांच्या पिकअप ट्रकचं. लेक टेक्सासात असते. गाडी २००१ सालची, पण तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर, खुर्च्या, सतरंज्या सगळं तिच्याच पाठीवरून जातं. तिला एक खोड लागली. ताशी ४५ मैलांच्या आसपास पाय अगदी स्थिर असला तरी ती वरचा गिअर टाकायची, लगेच खालचा, पुन्हा वरचा. गॅरेजवाल्याने (नाव लिहीत नाही) कॉम्प्युटर जोडला, एक कोड वाचला आणि दहा मिनिटांत निकाल दिला. गिअरबॉक्स खोलून नव्याने बांधायची, साडेतीन हजार डॉलर. वर सल्ला, एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता, विकून टाका. आपल्या नातेवाइकांनीही फोनवरून तीच री ओढली. (कोणी कोणी ते इथे वाचत आहेतच. नावं घेत नाही.)

आता माझं म्हणणं नीट ऐका. गिअर कधी बदलायचा हे दोन गोष्टींवर ठरतं, गाडीचा वेग किती आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय. फार जुन्या ट्रकांत हा निरोप एखादी केबल किंवा इंजिनाच्या व्हॅक्यूमची रबरी नळी पोचवायची. नंतरच्या गाड्यांत सेन्सर निरोप देतात, कॉम्प्युटर हुकूम काढतो, सोलेनॉइड नावाच्या विजेवरच्या झडपा ऑइलची वाट उघडतात आणि ऑइलच्या दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात. म्हणजे निरोप, हुकूम, ऑइल आणि प्लेटा. यातलं शेवटचं बिघडलं तरच गिअरबॉक्स उतरवून खोलावी लागते. बाकीचं बरंचसं बाहेरून, नाहीतर फार तर खालची तेलाची परात काढून तपासता येतं. मग सुरुवात शेवटापासून का?

जावयांच्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहतात. त्यांनी जुना काट्याचा व्होल्टमीटर आणला, थ्रॉटलवरच्या सेन्सरला लावला आणि थ्रॉटल हळूहळू उघडला. काटा सरळ चढत जायला हवा. तो मध्येच एका जागी उड्या मारू लागला, आणि ती जागा बरोबर ४५ मैलांना पाय जिथे असतो तिथली! पाय स्थिर होता, पण कॉम्प्युटरला वाटत होतं की हा माणूस सारखा दाबतोय आणि सोडतोय. तो बिचारा हुकूम बदलत होता, गिअरबॉक्स इमानाने पाळत होती. मुठीत मावेल एवढा सेन्सर बदलला, खोड गेली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

आणि त्या कोडचं काय कौतुक! अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या मोटारी आणि हलक्या ट्रकांना ठरावीक पद्धतीचं ओबीडी-२ सॉकेट असतं, हे चांगलंच झालं. पण पी ०७०० या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी तक्रार नोंदवली आहे, पुढचं वाचा. तक्रारअर्ज म्हणजे निकालपत्र नव्हे.

अशीच फसगत आणखी एका ठिकाणी होते. विजेची जोडणी सुटली की कित्येक गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला एकाच गिअरमध्ये अडकून बसतात. जनरल मोटर्सची ४एल६०-ई अशा वेळी 'डी'मध्ये तिसऱ्यावर राहते. तिसऱ्यावर निघालेली गाडी अर्थातच रडत निघणार. मग कोणी म्हणतो इंजिन गेलं, कोणी म्हणतो गिअरबॉक्स. गंजलेली पिन बघायला कोणी वाकत नाही.

ऑइलचं तर विचारूच नका. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी, गरम आणि चालू ठेवून बघायची, आणि पार्कमध्ये की न्यूट्रलमध्ये ते त्या गाडीच्या पुस्तकात बघायचं. कमी झालं तर गिअर उशिरा धरतो, घसरतो. जास्त भरलं तर फेस होतो आणि पुन्हा तेच. "जुनं ऑइल बदललं की गिअरबॉक्स मरते" असं सांगणारे भेटतात. माझ्या मते ती आधीच मरायला टेकलेली असते, ऑइल फक्त शेवटचं पाणी पाजतं. बरं, परात काढून ऑइल बदललं तरी सगळं निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. ऑइलही जे लिहिलंय तेच हवं. 'सगळ्याला चालतं' हा शब्द मला सत्यनारायणाच्या प्रसादापुरता मान्य आहे.

(पुणेकरांनो, आपल्याकडे २०१४ पासून आलेल्या स्वस्त ऑटोमॅटिकांपैकी बऱ्याच एएमटी आहेत, म्हणजे साधीच गिअरबॉक्स, क्लच दाबायला यंत्र. वरचं पुराण त्यांना जसंच्या तसं लावू नका.)

गिअरबॉक्स कधीच जात नाही, असं मी म्हणत नाही. ऑइल काळं पडलंय, जळका वास येतोय, परातीतल्या चुंबकावर नेहमीच्या करड्या लगद्याऐवजी धातूचे चकचकीत तुकडे आहेत, गिअर धरून इंजिन नुसतं ओरडतंय, तर खोला, आणि तोवर मागे ट्रेलर बांधू नका. पण त्याआधी दाबाचा गेज लावा. त्यासाठी बहुतेक गिअरबॉक्सवर बाहेरूनच एक छिद्र ठेवलेलं असतं, बोल्ट काढा, गेज बसवा. साडेतीन हजार मागणाऱ्याला ग्राहकाने एवढंच विचारावं, "दाब किती भरला?" आकडा सांगता आला नाही, तर गाडीची चावी परत मागावी.