लॅपटॉप मंद, मग दोष कोणाचा?

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, तुमच्या भाच्याने गेम खेळून खेळून लॅपटॉपची वाट लावली. दुकानदार म्हणतो, प्रोसेसर गेला." भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलेला, सात हप्ते अजून बाकी. आम्ही फोनवरच भाच्याला चार शब्द सुनावले. तो एवढेच म्हणाला, "मामू, एकदा येऊन बघा तरी."

रविवारी मगरिबनंतर गेलो. मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला, तर मोटार बैलगाडीसारखी अडखळत चालली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सखाली सीपीयू निवडला की दोन आकडे दिसतात : प्रोसेसरचा मूळ वेग आणि त्या क्षणाचा वेग. मूळ वेग होता २.४ गीगाहर्ट्झ, आणि गेम चालू असताना आकडा ०.७९ वरून हलेना.

आमचा पहिला संशय उष्णतेवर. गादीवर किंवा रजईवर ठेवलेल्या लॅपटॉपच्या खालच्या जाळ्या बुजतात, आत धूळ साचते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. पण तसे असते तर सुरुवातीला वेग चांगला दिसतो, लॅपटॉप तापल्यावर घसरतो. इथे थंड असतानाच रड. तरीही जाळ्या ब्रशने साफ केल्या, लॅपटॉप टेबलावर ठेवला. फरक शून्य.

मग पॉवर ऑप्शन पाहिले. तिथे बॅटरी वाचवण्याची सोय चालू राहिली तरी वेग बांधला जातो. तेही ठीक होते.

शेवटी चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर पाहिले, आणि आकडा टुणकन २ च्या वर! पुन्हा चार्जर लावला, पुन्हा ०.७९.

लॅपटॉपच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिले होते : १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट. दहावीच्या पोरांकडून आम्ही हे घोकून घेतो! म्हणजे सुमारे ६५ वॅट हवेत. चार्जरवर होते १९.५ आणि २.३१, म्हणजे ४५. पुरेशी वीज मिळत नाही हे ओळखून लॅपटॉपने स्वतःच वेग आवळला होता. सुरू करताना चार्जरविषयी इंग्रजीत एक सूचना यायची. घरात सगळे ती न वाचता एंटर दाबत.

"हा चार्जर कुठला?" आम्ही विचारले. बहीण गप्प. जुन्याची वायर तुटल्यावर तिनेच बाजारातून स्वस्तातला आणला होता. पिन बसली, दिवा लागला, तिला वाटले झाले काम. तिचे तरी काय चुकले? हप्ते भरून घर चालवायचे तर शंभर-दोनशे रुपयेही मोजावे लागतात. बदगुमानीबद्दल सूरह हुजुरातमध्ये काय ताकीद आहे, हे भाच्याला आम्हीच कधीतरी समजावले होते. त्या रात्री त्याच्याकडे बघणे आम्हाला जड गेले.

६५ वॅटचा योग्य चार्जर तीन दिवसांनी आला. गेममध्ये वेग ३ च्या वर गेला. मदरबोर्ड बदलण्याचा खर्च वाचला. बहिणीने मुलाची माफी वगैरे काही मागितली नाही. पण इशानंतर अर्धा तास खेळायची परवानगी दिली. तो अर्धा तास मात्र ती घड्याळ लावून मोजते.