भुंगेरे आत्ताच वेचा

वळवाचा चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि दिवेलागणीनंतर परसातल्या, बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. पुढे मादी मातीत अंडी घालते आणि पांढऱ्या अळ्या ऊस, भुईमूग, सोयाबीनची मुळं कुरतडतात. पीक पिवळं पडेपर्यंत काही कळत नाही. तोवर अळी मोठी झालेली असते आणि औषधही फारसं लागू पडत नाही.

म्हणून हेच दिवस महत्त्वाचे. संध्याकाळी ७ ते ९ या वेळात झाडाखाली ताडपत्री अंथरा, काठीने फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाका. जवळच प्रकाश सापळा लावा. पायात बूट आणि हातात बॅटरी हवीच, कारण साप-विंचूही याच दिवसांत बाहेर पडतात. हुमणी वाढू नये म्हणून शेणखतही पूर्ण कुजलेलंच वापरा.

हुमणीची वर्षात एकच पिढी होते, त्यामुळे अंडी घालण्याआधी मारलेला भुंगेरा पुढचं बरंच नुकसान टाळतो. पण हे एकट्यादुकट्याचं काम नाही. ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी, तरुण मंडळांनी पुढाकार घ्यावा आणि सगळ्या गावाने एकाच वेळी ही मोहीम राबवावी, ही कळकळीची विनंती.