पाच दिवसांची चिठ्ठी

गेल्या पावसाळ्यात माझ्या वहिनीचे सिझेरियन झाले. ताप नव्हता, जखम कोरडी होती; तरी पाच दिवस रोज अँटिबायोटिक इंजेक्शनांची चिठ्ठी हातात पडे आणि दादा उसनवारी करून दुकानाकडे धावे. "द्यावीच लागतात," एवढेच उत्तर मिळे. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. परंतु माझीही जीभ उचलली नाही.

पुढे मी वाचले. सिझेरियनमध्ये जंतुसंसर्गाचा धोका मोठा, म्हणून प्रतिबंधक अँटिबायोटिक प्रत्येकीला हवेच. याबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी बाळाला औषध पोचू नये म्हणून नाळ बांधल्यावर ते देत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की चीर देण्यापूर्वीच द्यावे. सुरी लागते तेव्हा औषध रक्तात हजर असले पाहिजे, हे आम्हा कला शाखेवाल्यांनाही पटावे. सेफाझोलिनसारख्या औषधाची एक मात्रा बहुधा पुरते. संसर्ग झालाच तर गोष्ट निराळी. विनाकारण दिलेल्या मात्रांनी जंतू तेवढे निर्ढावतात.

मग ते पाच दिवस कशासाठी? अस्वच्छतेवर उतारा म्हणून तर नव्हेत, अशी मला शंका येते. त्या वॉर्डात नळाला पाणी सकाळीच तेवढे येई.

वहिनी व बाळ सुखरूप आहेत. दादा अजून उसने फेडतो आहे.